तोतरेपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. त्यामुळे खालचे बहुतेक प्रश्न मला लग्नांत, रांगांमध्ये आणि मुलाखतींमध्ये विचारले गेले आहेत. काही काळजीपोटी, काही नुसते कुतूहल म्हणून. तोंडी उत्तर द्यायला मला वेळ लागतो, म्हणून लिहून ठेवलं.

तोतरेपणा म्हणजे नक्की काय?

काय बोलायचं ते माहीत असतं, शब्दही तयार असतो, पण तो तोंडातून वेळेवर निघत नाही. हे तीन तऱ्हांनी होतं. एक, आवाज किंवा अक्षर पुन्हा पुन्हा येतं: ‘क-क-क-कधी’. दोन, आवाज ताणला जातो: ‘सऽऽऽसांग’. आणि तीन, काहीच येत नाही. याला ब्लॉक म्हणतात.

तिसरा प्रकार बाहेरून कमी कळतो म्हणून जरा सांगतो. ‘परवा’ म्हणायचं आहे. ‘प’साठी ओठ मिटतात, तुमचेही मिटतात. तुमचे लगेच उघडतात, माझे उघडत नाहीत. मागे हवा दाटते, मान ताठ होते, आणि ओठ चिकटवल्यासारखे. घड्याळ लावलं तर बहुतेक अडथळे सेकंदभराचेच निघतात. आतून तो सेकंद फार लांब असतो. मग सुटका करून घ्यायला माणूस डोळे मिचकावतो, मानेला झटका देतो, पाय आपटतो. एखाद्या वेळी झटक्याबरोबर शब्द खरंच सुटतो, आणि तेवढ्या बक्षिसावर ती सवय जन्माला चिकटते. ही झटकाझटकी म्हणजे मूळ तोतरेपणा नव्हे, त्याच्यावर चढलेलं पुट आहे.

बोबडं बोलणं आणि तोतरं बोलणं एकच ना?

नाही. बोबडं मूल ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणतं, म्हणजे आवाजच बदलतो. तोतऱ्या मुलाचा ‘रा’ अगदी ठणठणीत असतो, फक्त तो यायला उशीर होतो किंवा चारदा येतो. दोन्ही एकाच मुलात असू शकतं, पण उपचार वेगळे आहेत.

अडखळतात तर सगळेच. मग फरक कुठे?

‘म्हणजे’, ‘काय म्हणतात ते’, ‘अं’, अर्धं वाक्य टाकून दुसरं सुरू करणं, ‘मला असं, मला असं वाटतं’ ही सगळ्यांची अडखळ आहे. विचार जुळवायला घेतलेला वेळ. तोतरेपणात शब्दाचाच तुकडा पडतो, आणि त्यासोबत ताण असतो. तपासताना साधारणपणे शंभर शब्दांत असे तीन किंवा जास्त तुकडे दिसले की लक्ष द्यावं असं धरतात.

मला विचाराल तर खरा फरक आकड्यात नाही. तुम्ही अडखळता तेव्हा शब्द शोधत असता. मी अडखळतो तेव्हा शब्द हातात असतो आणि हात हलत नाही.

हे कधी सुरू होतं? किती जणांना होतं?

बहुतेक मुलांत दोन ते चार वर्षांच्या दरम्यान, म्हणजे दोन-दोन शब्दांवरून मोठ्या वाक्यांवर उडी पडते त्या काळात. लहानपणी कधी ना कधी तोतरं बोललेली मुलं शंभरात पाच किंवा त्याहून जास्त असतात. त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांचं ते आपोआप किंवा थोड्या मदतीने जातं. मोठ्या माणसांत शंभरात एकाच्या आसपास उरतं. सुरुवातीला मुलगे आणि मुली यांच्या संख्येत फार तफावत नसते. पण मुली जास्त प्रमाणात बऱ्या होतात, म्हणून मोठेपणी एका बाईमागे तीन-चार पुरुष असं दिसतं.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: बऱ्याच मुलांत हे हळूहळू येत नाही. काल घडाघडा बोलणारं पोर आज सकाळी ‘मी-मी-मी-मी’ करत उठतं. पुढचा प्रश्न इथूनच निघतो.

आमचा मुलगा कुत्र्याला घाबरला आणि दुसऱ्या दिवसापासून अडखळायला लागला. भीतीनेच ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागला आहे. कुत्र्याच्या जागी कधी पडणं असतं, कधी धाकट्या भावंडाचा जन्म, कधी शाळेतला मार.

अचानक सुरू झालेल्या गोष्टीला माणूस अचानक घडलेलं कारण शोधतो. तीन वर्षांच्या मुलाच्या कुठल्याही आठवड्यात घाबरणं, पडणं आणि रडणं असतंच. ज्या आठवड्यात बोलणं अडलं, त्या आठवड्यातला कुत्रा लक्षात राहतो. त्याच कुत्र्याला घाबरलेली बाकीची मुलं घडाघडा बोलतच असतात.

आपली भाषाही या समजुतीला हातभार लावते. चोर पकडला की तो ‘ततपप’ करतो. भुताला पाहून ‘बोबडी वळते’. म्हणजे अडखळणारा एकतर घाबरट किंवा खोटारडा, हे बाराखडीआधीच शिकवलं जातं. ओळखपत्र दाखवताना मी स्वतःच्या नावावर अडकतो तेव्हा समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर तो ‘ततपप’ स्पष्ट वाचता येतो.

भीतीचा आणि तोतरेपणाचा संबंध आहे, पण बाण उलटा आहे. आधी बोलणं अडतं, मग हसू होतं, मग बोलायची भीती बसते. ती भीती अडखळणं वाढवते हेही खरं. पण विस्तव तिने पेटवलेला नाही, ती फुंकर घालते.

मग खरं कारण काय?

एकच एक कारण नाही, पण गाभा आता बराच दिसू लागला आहे: ही मेंदूच्या जडणघडणीतली गोष्ट आहे आणि तिच्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे.

आधी आनुवंशिकता. तोतऱ्या माणसाच्या नात्यात दुसरा तोतरा सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. एकसारख्या जुळ्यांत एक तोतरा असला तर दुसराही असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. २०१० साली पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून सुरू झालेल्या शोधात तीन जनुकं हाती लागली. ती सापडल्यावर शास्त्रज्ञही चक्रावले असणार, कारण ती बोलण्याची जनुकं नव्हतीच. पेशीतला कचरा निस्तरणाऱ्या लायसोसोम नावाच्या पिशव्यांपर्यंत विकरं (एन्झाइम) पोचवायची, हे त्यांचं काम. पेशीच्या झाडलोटीत किंचित कसूर आणि परिणाम फक्त बोलण्यावर, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. ही तीन जनुकं थोड्याच लोकांतली गोष्ट उलगडतात. २०२५मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांची जनुकीय माहिती चाळून केलेल्या अभ्यासात तोतरेपणाशी निगडित ५७ ठिकाणं सापडली. म्हणजे एक बटण नाही, बारीक बारीक बऱ्याच गोष्टींची बेरीज आहे.

आता मेंदू. बोलताना आपण शंभराच्या आसपास स्नायू हलवतो, आणि प्रत्येकाची वेळ सेकंदाच्या बारीक अंशात ठरलेली असते. मेंदूच्या डाव्या बाजूला आवाज ऐकणारा भाग आणि तोंड हलवणारा भाग यांना जोडणारे तंतू असतात. तोतऱ्या माणसांत ती जोडणी काहीशी विरळ दिसते, आणि बोलताना उजवी बाजू नेहमीपेक्षा जास्त राबताना दिसते. मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचे पुंजके आहेत. ‘हा आवाज संपला, आता पुढचा’ ही खूण देण्यात त्यांचा हात असतो. ती खूण उशिरा आली किंवा पुसट आली की तोंड मागच्याच आवाजावर उभं राहतं. तबलजीला सम सापडली नाही की हात वर राहतो, तसं.

हा फरक वर्षानुवर्षं अडखळल्यामुळे मेंदूत पडला असेल, ही शंका रास्त आहे. पण तीन-चार वर्षांच्या, नुकत्याच अडखळू लागलेल्या मुलांतही तो दिसला आहे.

गाताना तर अजिबात अडखळत नाही! मग नाटक करतो का?

नाही, आणि हा सगळ्यात उपयोगी पुरावा आहे. गाण्यात पुढच्या अक्षराची वेळ बाहेरून मिळते: ताल सांगतो. सगळ्यांनी मिळून एकसुरात वाचलं तर तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो, कारण शेजाऱ्याचा आवाज ती खूण देतो. टिकटिक करणाऱ्या यंत्राच्या ठेक्यावर बोललं तरी तेच. आतलं घड्याळ कच्चं असलं की उसनं घड्याळ चालतं. कुजबुजताना, एकटं असताना, तान्ह्या बाळाशी किंवा मांजराशी बोलतानाही बहुतेकांची वाट मोकळी असते.

प्रार्थनेत मी खणखणीत. प्रार्थना संपल्यावर हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना गाडी ‘उ’वर. वर्गशिक्षकांना वाटायचं, पोरगं मुद्दाम करतंय.

आणखी एक: खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर माणसांतही हातांचं अडखळणं नोंदवलं गेलं आहे. म्हणजे बिघाड जिभेत नाही.

आईवडिलांचं काही चुकलं का?

नाही. पण हा आरोप आला कुठून ते सांगायला हवं.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. ते स्वतः तोतरे होते. मुलाच्या साध्या अडखळीला आईबाप ‘तोतरेपणा’ असं नाव देतात आणि त्या नावामुळेच मूल तोतरं होतं, असं त्यांचं म्हणणं. १९३९ साली त्यांच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्ट इथल्या अनाथालयातली २२ मुलं घेऊन प्रयोग केला. त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना महिनोन्‌महिने सांगितलं गेलं की तुम्ही तोतरं बोलता, अडखळण्यापेक्षा गप्प बसा. ती मुलं खऱ्या अर्थाने तोतरी झाली असं काही सिद्ध झालं नाही, पण ती मिटली, बोलायला कचरू लागली. काहींना त्याचे वळ जन्मभर राहिले. हा प्रयोग कधी रीतसर छापला गेला नाही. २००१ साली वर्तमानपत्राने तो उघडकीला आणला, विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७मध्ये आयोवा राज्याने सहा जणांच्या वतीने चाललेला दावा ९,२५,००० डॉलरवर मिटवला.

तर पालकांमुळे तोतरेपणा सुरू होतो ही कल्पना मागे पडली. पण त्या अनाथ मुलांनी एक गोष्ट दाखवून दिली: ‘तुझं बोलणं चुकतंय’ असं पुन्हा पुन्हा ऐकलं की चांगलं बोलणारंही गप्प होतं. मग मुळात अडखळणाऱ्याचं काय होत असेल?

डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला लावलं म्हणून? घरात दोन भाषा आहेत म्हणून? दुसऱ्याची नक्कल केली म्हणून?

तिन्हींना नाही. डावखुरेपणाची कल्पना १९३०च्या सुमाराला जोरात होती, नंतरच्या अभ्यासांत टिकली नाही. (म्हणून डावखुऱ्या मुलाचा हात बदलावा असं नाही. तो तसाच राहू द्या.) दोन भाषांमुळे तोतरेपणा होत नाही आणि एक भाषा बंद केल्याने जात नाही. नक्कल करून लागत असता तर माझी नक्कल करणारे सगळे वर्गमित्र आज माझ्या पंगतीला असते.

बुद्धी कमी असते का?

नाही.

जिभेखालची शीर कापली तर?

जीभ खरोखरच बांधलेली असेल तर त्याचे वेगळे परिणाम असतात आणि ते डॉक्टर पाहतील. तोतरेपणाशी तिचा संबंध नाही. १८४१ साली बर्लिनमध्ये योहान डिफेनबाख या नामवंत शल्यविशारदाने तोतरेपणा घालवायला रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी चिरा दिल्या, तुकडे काढले. भूल देण्याची सोय यायला अजून पाच वर्षं होती. उपाय अर्थात फसला आणि सोडून दिला गेला. तोंडात खडे धरून बोलण्याचा सल्ला ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिसच्या कथेपासून चालत आला आहे. लहान मुलाच्या तोंडात खडे किंवा गोट्या देऊ नका, घशात अडकतील.

मोठेपणी अचानक सुरू झालं तर?

ते वेगळं प्रकरण आहे. पक्षाघात, डोक्याला मार, पार्किन्सन यांमुळे बोलणं अडखळू शकतं. काही औषधांमुळेही असं होतं आणि औषध बदललं की जातं. क्वचित तीव्र मानसिक धक्क्यानंतरही येतं. मेंदूच्या इजेतून आलेल्या अडखळीत शब्दाच्या सुरुवातीलाच नव्हे तर मध्ये-शेवटीही अडतं, आणि ताल किंवा एकसुरात वाचन यांचा फायदा अनेकदा होत नाही.

मोठ्या माणसाचं बोलणं एकाएकी अडलं, आणि सोबत तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर हे पान बंद करा आणि तडक रुग्णालय गाठा.

आमचा मुलगा अडकत नाही, पण इतकं भरभर बोलतो की कळतच नाही. हाही तोतरेपणा?

बहुधा क्लटरिंग. वेग वाढतो किंवा झटक्याझटक्याने बदलतो, अक्षरं गिळली जातात, ‘रविवारी संध्याकाळी’चं ‘रवसंकाळी’ होतं, भलत्याच जागी थांबलं जातं. तोतरा माणूस आपल्या अडखळीबाबत नको तितका जागा असतो. क्लटरिंगवाल्याला अनेकदा पत्ताच नसतो, लोक ‘काय? काय?’ का करतात याचंच त्याला नवल.

एक गंमत: ‘जरा नीट लक्ष देऊन बोल’ असं सांगितलं तर क्लटरिंग थोडा वेळ सुधारतं. तेच वाक्य मला सांगितलं तर मी तिथेच ठप्प. काहींत दोन्ही एकत्र असतं.

याशिवाय काही मुलं, विशेषतः ऑटिझम असलेली, शब्दाचा शेवट पुन्हा म्हणतात: ‘घरात-आत-आत’. हा निराळा प्रकार आहे. त्याला तोतरेपणाचे ठरीव उपचार लावण्याआधी नीट तपासणी हवी.

माझा सहकारी म्हणतो तो तोतरा आहे, पण मी त्याला कधी अडखळताना ऐकलंच नाही.

त्याने तुम्हाला ऐकू दिलेलं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली: वर दिसतो तो थोडा, पाण्याखाली लाज, धास्ती आणि टाळाटाळ.

टाळाटाळीचं तंत्र पाहा. बोलता बोलता मला चार शब्द पुढचा ‘मंगळवार’ दिसतो आणि कळतं की ‘म’ आज येणार नाही. मी ‘सोमवारच्या दुसऱ्या दिवशी’ म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस जरा विचित्र आहे. चालेल, तोतरा नाही वाटला ना. हॉटेलात जे खायचं असतं ते नव्हे, जे म्हणता येतं ते मागवायचं. वर्षानुवर्षं. फक्त एका शब्दाला पर्याय नसतो, आपल्या नावाला. म्हणून बहुतेक तोतरे नेमके तिथे अडकतात.

मागच्या आठवड्यात अगदी छान बोलत होता...

हो. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा अडकेल. चढउतार हा या विकाराचा स्वभावच आहे. झोप, थकवा, घाई, समोर कोण आहे, या सगळ्यांनी फरक पडतो, आणि कधी कशानेच पडत नाही.

आपोआप जाईल म्हणून थांबावं का? कधी दाखवावं?

बहुतेकांचं जातं, पण तुमच्या मुलाचं जाईल का हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. न जाण्याची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी अशा: घरात मोठेपणीही तोतरं राहिलेलं कोणी असणं, मुलगा असणं, साडेतीन वर्षांनंतर सुरुवात होणं, आणि सहा महिने ते वर्ष उलटूनही कमी न होणं. मूल शब्दाशी झगडताना दिसलं, तोंडावर हात ठेवू लागलं किंवा ‘मला बोलता येत नाही’ म्हणालं, तर महिने मोजत बसू नका. स्पीच थेरपिस्टला दाखवा. लवकर दाखवून नुकसान काहीच नाही.

उपचार काय? गोळी आहे का?

तोतरेपणासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध आजवर नाही. डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या काही औषधांनी काहींना फरक पडलेला आहे, पण दुष्परिणाम पाहता तो निर्णय डॉक्टरांचाच.

शाळेत जाण्याआधीच्या मुलांसाठी ऑस्ट्रेलियात विकसित झालेली लिडकोम पद्धत चांगली पारखलेली आहे. तिच्यात थेरपिस्ट पालकांना शिकवतात आणि पालक घरी रोज थोडा वेळ ती राबवतात. मोठ्यांसाठी ढोबळमानाने दोन वाटा आहेत. पहिली, बोलण्याची पद्धतच बदलायची: सावकाश सुरुवात, ओठ-जिभेचा हलका स्पर्श, लांबवलेले स्वर. दवाखान्यात हे झकास जमतं, बाहेर रस्त्यावर टिकवणं कठीण. दुसरी चार्ल्स व्हॅन रायपर यांची, तेही तोतरेच होते: अडखळणं लपवायचं नाही, सोपं करायचं. अडकलात तर तिथेच थांबा, ताण कुठे आहे ते ओळखा, आणि सैल सोडत शब्द बाहेर काढा. सोबत मनातली धास्ती कमी करणारी समुपदेशनाची जोड असली तर बरं.

माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. पहिल्या वाटेने मी दोन वर्षं यंत्रासारखा बोललो, आणि फोन मात्र तेव्हाही दुसऱ्याकडूनच करवून घ्यायचो. आता अडखळतो, पण फोन स्वतः करतो. ‘महिनाभरात पूर्ण बरे’ अशी हमी देणाऱ्यापासून चार हात लांब राहा, एवढं मात्र बिनशर्त सांगतो.

समोरचा अडखळतोय. मी काय करू?

काहीच करू नका. ‘सावकाश’, ‘दीर्घ श्वास घे’, ‘घाबरू नकोस’ यातलं काहीही उपयोगाचं नाही. नजर हटवू नका, रोखूनही पाहू नका. तो काय म्हणतोय ते ऐका, कसं म्हणतोय ते नको.

आणि वाक्य पुरं करू नका. ‘त’ म्हटल्यावर ताकभात ओळखणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. माझ्या आयुष्यात अशा हुशार माणसांची गर्दी आहे. मी ‘त-त-’ करतो, ते ‘ताकभात?’ म्हणतात, आणि मला म्हणायचं असतं ‘तारीख’. मग मला आधी ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि ‘न’ हे माझं दुसरं अवघड अक्षर आहे.

घरी लहान मूल असेल तर त्याला घाई न लावता, तुम्हीच जरा सावकाश बोला, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा. दिवसातली दहा मिनिटं अशी ठेवा की त्या वेळी दुसरं कोणी मध्ये बोलणार नाही.

फोनचं तेवढं वेगळं सांगतो. फोनवर माझा चेहरा दिसत नाही, त्यामुळे ब्लॉक म्हणजे नुसती शांतता. लोक ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून देतात. तुम्ही उचललात आणि पलीकडून काहीच आलं नाही, तर पाच सेकंद धरून ठेवा.